जुन्या छोट्या रोबो-गाड्यांचा संच: तपासणीच्या नोंदी

१० मे २०२५, शनिवार, निशी-कासाई (तोक्यो)

शेजारच्या जपानी आजींनी त्यांच्या मुलाच्या लहानपणचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आज माझ्याकडे तपासायला दिला. डब्यात रूप बदलणारी आठ छोटी खेळणी आहेत. गाडी, विमान किंवा इंजिन हातात घ्यावे, दोन-चार भाग ओढावेत, फिरवावेत, की त्यातून रोबो उभा राहावा, अशा प्रकारची. प्रत्येक खेळणे तळहातात सहज मावते. आजींचे म्हणणे अगदी स्पष्ट आहे. यांपैकी कोणती खेळणी सहा वर्षांच्या नातवाच्या हातात द्यावीत, कोणती जपून ठेवावीत आणि कोणती दुरुस्त होण्यासारखी आहेत, एवढे त्यांना माझ्याकडून हवे आहे. किमतीविषयी त्यांनी काही विचारले नाही, त्यामुळे या नोंदींतही किंमत येणार नाही.

भोसरीच्या टूलरूममध्ये प्लास्टिकचे मोल्ड तयार करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून अशी वस्तू हातात आली की माझी नजर आधी पार्टिंग लाइन (साच्याची दोन अर्धे जिथे मिळतात ती रेघ), इजेक्टर पिनांच्या (साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या) खुणा आणि बिजागऱ्या शोधते. या तपासणीतही तोच क्रम ठेवणार आहे. संग्राहक सहसा रंग, खोके आणि स्टिकर यांवरून दर्जा ठरवतात; या डब्यात खोके एकही नाही आणि स्टिकर निम्मेच उरले आहेत. माझ्या मते रूप बदलणाऱ्या खेळण्याचा जीव त्याच्या सांध्यांत असतो. सांधा जागेवर थांबतो का, मुलाच्या बोटांच्या ताकदीने हलतो का आणि चाळीस वर्षांनंतरही गाडीच्या रूपात सगळे भाग एकमेकांत नीट बसतात का, या तीन प्रश्नांवर प्रत्येक खेळण्याचा निकाल लावायचा आहे.

डब्यातील खेळणी अशी: एक मोटारसायकल, दोन एफ-१५ विमाने, वाफेचे एक इंजिन, फोक्सवॅगन बीटलच्या दोन गाड्या, लाल रंगाची एक पोर्शे आणि माझ्दा फॅमिलिया. पाहताक्षणीच लक्षात येते की हा एकाच कंपनीचा संच नाही. मुलाने वेगवेगळ्या वर्षी मिळालेली खेळणी एका डब्यात ठेवली होती, आणि तपासणीसाठी ते उलट सोयीचे आहे, कारण एकाच प्रश्नाला दोन कंपन्यांनी दिलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहता येतील.

११ मे, रविवार

आजचा दिवस ठशांचा होता. भिंग आणि तिरपा प्रकाश वापरून प्रत्येक खेळण्याच्या पोटावरचा मजकूर वाचला. मोटारसायकल, एक विमान आणि इंजिन यांवर पॉपी या कंपनीचा ठसा आहे. पॉपी ही बांदाईने १९७१ मध्ये काढलेली उपकंपनी. १९७४ च्या चोगोकिन मालिकेतील जड, धातूच्या रोबोंमुळे तिचे नाव झाले. १९८२ मध्ये तिने मशीन रोबो नावाची छोट्या खेळण्यांची मालिका बाजारात आणली. प्रत्येक नगाची किंमत ६०० येन होती, म्हणून ती आजही ‘६०० मालिका’ म्हणून ओळखली जाते. १९८३ मध्ये पॉपी बांदाईत विलीन झाली, आणि पुढच्या उत्पादनांवर बांदाईचे नाव येऊ लागले. डब्यातील एका बीटलवर बांदाईचाच ठसा आहे, तेव्हा ती या तिघांच्या नंतरची.

एक खबरदारी येथे नोंदवून ठेवतो. ठशातील वर्ष म्हणजे खेळणे बनल्याचे वर्ष नव्हे. मजकूर मोल्डच्या पोलादात कोरलेला असतो, आणि मोल्डचा तो तुकडा बदलेपर्यंत त्याच वर्षाचे आकडे हजारो नगांवर उमटत राहतात. ठसा फक्त सर्वांत आधीची सीमा सांगतो. खेळणे त्या वर्षाच्या आधीचे नाही, इतकाच अर्थ त्यातून घ्यावा.

दुसरी बीटल, पोर्शे आणि फॅमिलिया या तिन्ही गाड्या ताकाराच्या आहेत. ताकाराची मायक्रोमॅन ही छोट्या माणसांची मालिका १९७४ पासून चालू होती. १९८३ मध्ये तिची मायक्रो चेंज नावाची शाखा निघाली आणि तिच्यात ‘मिनी कार रोबो’ नावाच्या छोट्या गाड्या आल्या. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ताकाराच्या डायक्लोन आणि मायक्रो चेंज या दोन्ही मालिकांतील साचे एकत्र करून ट्रान्सफॉर्मर्स हे नाव दिले, आणि ट्रान्सफॉर्मर्स म्हणून ही खेळणी जपानमध्ये परत आली ती १९८५ मध्ये. डब्यातील तिन्ही गाड्यांवर ऑटोबॉटचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधील नायकांच्या गटाचे, लाल चिन्ह नाही, आणि चिकटवलेले चिन्ह निघून गेल्याचा डाग किंवा डिंकाचा अंशही नाही. म्हणून त्या १९८५ पूर्वीच्या, मायक्रो चेंज म्हणून विकल्या गेलेल्या गाड्या आहेत, असे मी धरतो.

आठपैकी सात नगांचे मूळ ठरले. दुसऱ्या विमानावर ठसाच नाही. ते वेगळे ठेवले आहे.

१७ मे, शनिवार

पॉपीचे तीन नग आज बारकाईने पाहिले.

मोटारसायकल अमेरिकेत साय-किल या नावाने प्रसिद्ध झाली. टोंका कंपनीने १९८३-८४ मध्ये मशीन रोबो तिकडे गोबॉट्स या नावाने आणले, आणि १९८४ मध्ये हॅना-बार्बेराच्या कार्टून मालिकेत याच मोटारसायकलीला खलनायकाचे काम मिळाले. मोल्ड बनवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर दुचाकीचा रोबो करणे हे या आकारातले सर्वांत अवघड काम आहे. मोटारीला टप असतो, बॉनेट असते, आत पोकळी असते. हात-पाय त्या पोकळीत दुमडून ठेवता येतात. दुचाकीला पोकळीच नाही. जे काही लपवायचे ते टाकी, इंजिन आणि सीट यांच्या जागेतच लपवावे लागते, आणि म्हणून या नगात जवळजवळ प्रत्येक भाग दोन कामे करतो. रोबो उभा केल्यावरही त्याच्यातली मोटारसायकल दिसत राहते. तो मला दोष वाटत नाही. इतक्या छोट्या वस्तूत काहीही वाया न घालवता केलेली ही मांडणी आहे, आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

स्थिती मध्यम आहे. जस्ताच्या मिश्रधातूचे भाग उत्तम आहेत, कडांवरचा रंग उडाला आहे. हँडलची उजवी मूठ बुडाशी पांढरी पडली आहे. एबीएस प्लास्टिक वाकून ताणले गेले की त्याचा रंग त्या रेषेवर असा फिकट होतो, आणि पुढचा ताण आला की तुकडा तिथूनच पडतो. हे हँडल सहा वर्षांच्या मुलाच्या हातात टिकणार नाही. मोटारसायकल जपून ठेवण्याच्या बाजूला.

विमान एफ-१५ ईगल आहे. जपानमध्ये ईगल रोबो, अमेरिकेत लीडर-१. शेपटाकडचा भाग ओढला की पाय लांब होतात, आणि ओढताना मध्यावर एक बारीक अडथळा लागून पुढे टक असा थांबा मिळतो. तो थांबा अजून शाबूत आहे. चाळीस वर्षांच्या प्लास्टिकवर इतका स्वच्छ थांबा क्वचित मिळतो, कारण तो एका छोट्या उंचवट्यावर अवलंबून असतो आणि प्रत्येक वेळी सरकताना तो उंचवटा थोडा झिजतो. उभ्या शेपट्यांचे टोक किंचित वाकले आहे, तडा नाही. हा नग नातवाला द्यायला हरकत नाही असे मला आज वाटते; अंतिम निर्णय सगळे पाहून झाल्यावर.

वाफेच्या इंजिनाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जड आहे, मजबूत आहे, एक सांधा इतका घट्ट आहे की मोठ्या माणसालाही अंगठ्याचा जोर लावावा लागतो. जोर लावून पाहणे थांबवले. आतली पोलादी पिन गंजली असावी असा अंदाज आहे. पिनेच्या टोकाशी तपकिरी कडे दिसते.

१८ मे, रविवार

या डब्याचा गाभा म्हणजे दोन बीटल. एकच मोटारगाडी, दोन कंपन्या, आणि खेळण्याचा आकार जवळपास सारखा असूनही दोन अगदी वेगळे विचार. आजचा सगळा वेळ या दोघींसाठी ठेवला.

बांदाईची बीटल खऱ्या गाडीच्या प्रमाणात आहे. टपाचा उतार, मडगार्डांचा फुगवटा, दारांची रेघ, सगळे खऱ्या गाडीसारखे, फक्त लहान. अमेरिकेत तिचे नाव बग बाइट. ताकाराची बीटल मात्र आखूड, ठेंगणी आणि फुगलेली आहे. चाके देहाच्या मानाने मोठी, टप उंच, पुढची-मागची लांबी दाबून कमी केलेली. ही ठेवण ताकाराच्याच चोरो-क्यू गाड्यांची आहे. चोरो-क्यू म्हणजे मागे ओढून सोडली की पुढे पळणारी छोटी गाडी. ती जपानमधल्या मुलांच्या खिशाखिशात पोहोचली.

बरेच लोक ताकाराच्या या ठेवणीला निव्वळ गोंडसपणा समजतात. मला त्यामागे पक्का तर्क दिसतो. मायक्रो चेंज मालिकेची कल्पनाच अशी होती की हे रोबो घरातील वस्तूंच्या रूपात, त्या वस्तूंच्या खऱ्याच आकारात लपून राहतात. त्या मालिकेत कॅसेट प्लेअर आहे, पिस्तूल आहे, सूक्ष्मदर्शक आहे, आणि ही सारी हातात धरण्याच्या वस्तूंच्या मापाचीच खेळणी आहेत. मग घरात मोटारगाडी कोणत्या रूपात सापडेल? खेळण्यातली गाडी म्हणून. म्हणजे ताकाराची बीटल ही छोटी केलेली मोटार नाहीच. ती पूर्ण मापाची खेळण्यातली गाडी आहे. ही गोष्ट समजली की तिचे आखूड अंग बरोबर जागेवर बसते, आणि मुलाने तिला दहा सेंटीमीटर उंचीच्या मायक्रोमॅनशेजारी उभे केले की मापाचा कोणताही खोटेपणा उरत नाही.

त्या ठेवणीचा बांधणीलाही फायदा झाला आहे. उंच टप आणि फुगीर बाजू यांमुळे आत जागा जास्त मिळते. दोन्ही बाजूंचे हात बाहेर फिरवायचे, पाय सरळ ओढून लांब करायचे, डोके वर काढायचे. एवढ्यात रोबो उभा राहतो. पाय सरकण्याची खाच मी भिंगाखाली पाहिली. तिच्या दोन्ही भिंती किंचित उतरत्या आहेत, जेणेकरून सुटा भाग मोल्डमधून सहज निघावा. पण शेवटच्या टप्प्यात उतार जवळजवळ नाहीसा होतो, आणि पाय पूर्ण बाहेर आला की तिथे घट्ट धरला जातो. मुलाला सुरुवातीला सहज सरकणारा आणि शेवटी ठाम थांबणारा पाय मिळतो. असा उतार साच्यात कापताना कारागिराचा हात किती सावध राहिला असेल, हे ज्याने स्वतः पोलाद घासले आहे त्याला कळेल.

रोबोचे डोके मुखवट्यासारखे आहे, माणसासारखा चेहरा नाही. ट्रान्सफॉर्मर्सच्या अमेरिकन कार्टूनमध्ये याच खेळण्याचा बंबलबी नावाचा रोबो झाला तेव्हा चित्रकारांनी त्याला डोळे-तोंड असलेला चेहरा दिला, आणि जगभरच्या मुलांनी तोच चेहरा लक्षात ठेवला. खेळण्याचा मूळ मुखवटा त्यामुळे अनेकांना परका वाटतो. मला तो आवडतो. मायक्रो चेंजच्या इतर यंत्रांशी त्याचे नाते त्या मुखवट्यातच दिसते.

बांदाईच्या बीटलने खऱ्या गाडीचे प्रमाण राखण्याची किंमत मोजली आहे. टपाखाली जागा कमी असल्याने तिचे हात बारीक आहेत, आणि खांद्याचे सांधे सैल झाले आहेत. हात आडवा धरला तर हळूहळू खाली येतो. मात्र गाडीच्या रूपात ती अतिशय देखणी आहे. दार आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत व्हर्नियरने पाव मिलिमीटरच्या आसपास माप आले, आणि ती फट दोन्ही बाजूंना सारखी आहे. टेबलावर ठेवून पाहायचे असेल तर बांदाईची बीटल घ्यावी. हातात घेऊन दिवसभर रूप बदलत राहायचे असेल तर ताकाराची. एकच निवडायची वेळ आली तर मी ताकाराची निवडेन, कारण खेळणे हातासाठी असते.

या दोन बीटलांचे पुढे एक गंमतशीर नाते जुळले. १९९१ मध्ये हॅस्ब्रोने टोंका विकत घेतली आणि गोबॉट्सची नावे हॅस्ब्रोकडे आली. नंतर ताकाराच्या बीटलच्या साच्यातून एक पांढरी आवृत्ती निघाली, आणि तिला नाव दिले गेले बग बाइट.

२४ मे, शनिवार

ताडून पाहण्यासाठी तोक्योतल्याच नाकानोला जाऊन आलो. नाकानो ब्रॉडवे ही १९६६ मध्ये उभी राहिलेली दुकानांची इमारत जुन्या खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या काचेच्या कपाटांत ६०० मालिकेचे बरेच नग एका ओळीत पाहायला मिळतात. दुकानात हात लावता येत नाही, पण रंगाची मूळ छटा, स्टिकरची जागा आणि चाकांचा प्रकार ताडून पाहायला काचेतून दिसणारे पुरते.

लाल पोर्शे आणि फॅमिलिया अमेरिकेत कोणत्या नावाने गेल्या, हा प्रश्न तिथे सुटला. पोर्शे ९२४ च्या साच्यातून अमेरिकेत क्लिफजंपर झाला. बंबलबी पिवळा आणि क्लिफजंपर लाल अशी आपल्या मनातली जोडी कार्टूनने पक्की केली, पण खेळण्यांत दोन्ही साचे दोन्ही रंगांत निघाले होते. म्हणून लाल दिसली की क्लिफजंपर असे म्हणता येत नाही. गाडीचे नाक पाहावे लागते. फॅमिलियाची कथा याहून वेगळी. मिनी कार रोबोंमधील ही माझ्दा अमेरिकेत काही काळ क्लिफजंपरच्याच पुठ्ठ्यावर विकली गेली, तिला स्वतःचे नाव मिळाले नव्हते. नंतर संग्राहकांनी बंबलबी आणि क्लिफजंपर ही दोन नावे जोडून तिला बंबलजंपर म्हणायला सुरुवात केली आणि पुढे बंपर हे नाव रुळले. आजींच्या डब्यातील फॅमिलियाला हा गोंधळ लागू नाही, ती इथेच फॅमिलिया म्हणून विकली गेली. पण आठांपैकी ती सर्वांत कमी वेळा दिसणारी आहे, आणि तिची रचना बीटलशी जवळजवळ सारखी असल्याने नातवाच्या खेळात तिची उणीव भासणार नाही. ती जपून ठेवावी.

आता ठसा नसलेल्या विमानाविषयी. ते पॉपीच्या विमानाची नक्कल आहे, हे मला वजनावरून वाटत होते. मापावरून सिद्ध झाले. नक्कल करणारा बहुधा मूळ खेळण्याचे सुटे भाग घेऊन त्यांच्यावरूनच साचा बनवतो. एबीएस थंड होताना सुमारे ०.४ ते ०.७ टक्के आकसते, आणि मूळ साचा बनवणाऱ्याने तेवढी वाढ पोलादात धरलेली असते. नकलेच्या साच्यात ही वाढ धरलेली नसली तर प्लास्टिक आणखी एकदा आकसते. दोन्ही विमाने शेजारी ठेवून नाकापासून शेपटापर्यंत मोजली, तर ठसा नसलेले विमान अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर आखूड भरले. पृष्ठावरच्या बारीक रेघाही बुजलेल्या आहेत, आणि जिथे ठसा असायला हवा तिथे घासून सपाट केलेला चौकोन आहे. सगळ्यांत स्पष्ट पुरावा पायांत मिळाला: ओढताना मध्ये अडथळा नाही, शेवटी थांबा नाही. बाहेरून आकार चोरता येतो, पण थांब्याच्या उंचवट्याची उंची एका केसाच्या जाडीइतकी चुकली तरी सांधा निर्जीव होतो.

तरीही ते विमान फेकून द्यावे असे मी म्हणणार नाही. आजींच्या मुलाने दोन्ही विमाने सारखीच खेळवलेली दिसतात. ओरखडे दोघांवर सारखे आहेत.

३१ मे, शनिवार

साफसफाई. या कामात घाई केली की जे चाळीस वर्षे टिकले ते एका दुपारी जाते, म्हणून पद्धत सविस्तर लिहून ठेवतो.

चकाकणाऱ्या भागांना सर्वांत जास्त जपावे लागते. लोक त्याला क्रोम म्हणतात, पण या खेळण्यांवर क्रोमियम नसते. निर्वात भांड्यात ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अतिशय पातळ थर प्लास्टिकवर बसवतात आणि वरून लाखेचा पारदर्शक हात देतात. वरची लाख गेली की खालचे ॲल्युमिनियम नुसत्या कापडाने पुसले तरी निघते. म्हणून चकाकीच्या भागांवर स्पिरिट वापरायचे नाही, घासायचे नाही. कोमट पाण्यात किंचित ओलवलेला कापसाचा बोळा टेकवायचा आणि उचलायचा. मोटारसायकलीच्या इंजिनावरची चकाकी अशा रीतीने जवळजवळ पूर्ण वाचली.

साबणाच्या पाण्यात खेळणी बुडवायची नाहीत. सांध्यांतल्या पिना पोलादी आहेत, त्यांच्या भोकांत शिरलेले पाणी बाहेर येत नाही. चुंबक लावून पाहिले की पिना कुठे आहेत ते लगेच कळते, कारण जस्ताचा मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाही आणि पोलाद चिकटते. त्या जागा सोडून उरलेले अंग मऊ ब्रशने कोरडेच साफ केले. इंजिनाच्या गंजलेल्या सांध्यावर सुईच्या टोकाने शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडला आणि ते तसेच ठेवले आहे. पिन ठोकून बाहेर काढण्याचा मोह आवरावा. दाबून बसवलेली पिन एकदा काढली की भोक सैल होते, आणि मग कोणत्याही उपायाने ते पहिल्यासारखे होत नाही.

बांदाईच्या बीटलचे सैल खांदे दुरुस्त केले. सांधा उघडून घर्षणाच्या पृष्ठभागावर पारदर्शक ॲक्रिलिकचा एक पातळ हात दिला, पूर्ण वाळू दिला, मग जोडला. काही जण झटपट चिकटणारा गोंद वापरतात. मला ते पटत नाही, कारण तो ठिसूळ होऊन आत चुरा करतो आणि थोडा जास्त झाला तर सांधा कायमचा धरतो. आता हात आडवा ठेवला की आडवाच राहतो.

विमानाचे पांढरे प्लास्टिक पिवळटले आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांनी ते पुन्हा पांढरे करण्याची पद्धत बऱ्याच जणांनी वापरली आहे. मी येथे ती वापरणार नाही. पिवळेपणा काही काळाने पुन्हा परतू शकतो, शेजारचे स्टिकर बिघडतात, आणि आजींना विमान पांढरे हवे आहे असे त्यांनी सांगितलेलेही नाही.

डब्यात एका जागी दोन खेळणी चिकटलेली होती, हेही नोंदवायला हवे. ताकाराच्या पोर्शेच्या टपावर मऊ टायरची गोल खूण उमटली आहे. मऊ पीव्हीसीमध्ये मिसळलेले तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर झिरपते आणि ज्या कडक प्लास्टिकला ते टेकते त्याला मऊ करते. ती खूण निघणार नाही. पोर्शेच्या चालीत त्यामुळे काही फरक पडलेला नाही, सांधे घट्ट आहेत, आणि टपावर आधीच खूण असल्याने तिला आता जपण्याची धास्तीही कमी. नातवाच्या हातात देण्यासाठी ती मला या डब्यातली सर्वांत योग्य वाटते.

१ जून, रविवार

इंजिनाचा सांधा सुटला. बोटाच्या साध्या दाबाने हलतो. तेलाचा अंश पुसून घेतला.

७ जून, शनिवार

आजींबरोबर बसून निर्णय घेतले. त्यांनी प्रत्येक खेळणे हातात घेऊन रूप बदलून पाहिले. काही कसे बदलायचे ते मला सांगावे लागले, वाफेच्या इंजिनाचे मात्र त्यांनी मला न विचारता केले.

नातवाकडे जाणार: लाल पोर्शे, ताकाराची बीटल, पॉपीचे विमान आणि नकलेचे विमान. बीटलविषयी मी थोडा थांबलो होतो, कारण तिची पायांची खाच मला फार मोलाची वाटते. पण ती खाच वापरासाठीच कापलेली आहे, आणि वापर झाला तर ती कशी झिजते ते एका वर्षाने पुन्हा पाहता येईल. नकलेचे विमान देण्याचा आग्रह आजींचा. भावंडांत किंवा मित्राबरोबर खेळताना विमाने दोन हवीतच, असे त्या म्हणाल्या, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. एक अट मात्र मी घातली. जपानमध्ये खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी एसटी हे चिन्ह १९७१ पासून वापरले जाते, पण या डब्यात कोणतेही मूळ खोके नसल्याने त्याचा आधार घेता येत नाही. रंग जुना आहे, तेव्हा खेळून झाल्यावर हात धुवावेत आणि घरातल्या लहान बाळाच्या हाती यांपैकी काहीही जाऊ नये.

जपून ठेवायची: मोटारसायकल, फॅमिलिया, बांदाईची बीटल आणि वाफेचे इंजिन. इंजिन सुटले असले तरी पिनेचा गंज आत कितपत गेला आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि ते मी उघडणार नाही.

साठवणुकीची सूचना आजींना कागदावर लिहून दिली. प्रत्येक खेळणे आम्लरहित मऊ कागदात स्वतंत्र गुंडाळावे. मऊ, लवचीक प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या टाळाव्यात, कारण त्या बहुतेक पीव्हीसीच्या असतात आणि टायरने जे केले तेच त्या करतील. टायर कोणत्याही अंगाला टेकू नये. खेळणी गाडीच्या रूपात न ठेवता सांधे अर्धवट उघडे ठेवून ठेवावीत. थांब्याच्या उंचवट्यावर सतत दाब राहिला तर प्लास्टिक त्या आकाराला सरावते आणि पकड सुटते. डब्यात ओलावा शोषणारी पुडी ठेवावी. कांतोचा पावसाळा आता तोंडावर आला आहे, तेव्हा पहिली पुडी जूनअखेर बदलावी, आणि त्याच वेळी इंजिनाची पिन पाहून तपकिरी कडे वाढले आहे का ते मला कळवावे.

मोटारसायकलीच्या हँडलसाठी एक काम शिल्लक आहे. पांढरी रेघ पडलेल्या मुठीला आतून आधार देता येईल असा पातळ पितळी कंस मी बनवून पाहणार आहे. तो बाहेरून न दिसता बसला तरच लावायचा, नाहीतर हँडल आहे तसे सोडायचे. फॅमिलियाच्या टपावरील गेलेल्या स्टिकरची नवी प्रत छापून लावावी का, हा प्रश्न आजींच्या मुलाला विचारायचा आहे, कारण तो स्टिकर काढणारा तो स्वतःच होता, आणि तिथे दुसरे काय चिकटवले होते ते त्याला आठवत असेल.